मुखत्यारपत्र कुणाचं?

कोथरूडमधल्या एका सहकारी गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेपुढे यंदा एक विषय आहे : कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दरमहा घरटी दिलं जाणारं शुल्क पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं. विषयपत्रिका खजिनदारांनी तयार केली. ते महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत. त्यांची भाची शहरातल्याच एका लहान संस्थेत काम करते. ती संस्था वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. रविवारी जेवायला आलेल्या भाचीच्या हाती विषयपत्रिका पडली आणि पुढचं बोलणं झालं.

भाची : मामा, ‘दुहेरी भुर्दंड’ हे शब्द तुमचेच ना?

मामा : माझेच. त्यात खोटं काय आहे? मिळकतकराचं बिल काढून बघ. सर्वसाधारण कर वेगळा, सफाईपट्टी वेगळी. सफाईपट्टी कशाची घेतात? शहर साफ ठेवण्याची. ते झालं नाही तर मी जाब विचारू शकतो, माहिती अधिकारात अर्ज टाकू शकतो. आता दारातला कचरा उचलायला येते एक संस्था, आणि तिला महिन्याला वेगळे पैसे. मग मी भरलेल्या पट्टीचं काय झालं?

भाची : त्यातून मोठ्या गाड्या चालतात, रस्ते झाडले जातात, प्रक्रिया प्रकल्प चालतात. घराच्या दारापासून गाडीपर्यंतचा टप्पा पूर्वी कुणी करतच नव्हतं. कोपऱ्यावर कुंडी होती, आपण नेऊन टाकायचो, अर्धं आत, अर्धं बाहेर. तो टप्पा या बायकांनी उचलला. आणि घनकचरा नियमांत वापरकर्ता शुल्क सरळ लिहिलंय.

मामा : नियम मला नको सांगूस, नियमांच्या फायलीत माझी हयात गेली. माझं भांडण शुल्काशी नाही. तुमच्या संस्थांची जी एक सवय आहे तिच्याशी आहे. महापालिकेचं जे काम अडलं, ते तुम्ही उचलता. शाळा नीट चालत नाही, काढा अभ्यासिका. दवाखान्यात औषध नाही, भरवा शिबिर. कचरा उठत नाही, करा सहकारी संस्था. मग महापालिका निवांत होते. लोकही निवांत होतात. ‘संस्था करते की’ म्हणून ज्याचं कर्तव्य होतं तो सुटतो.

भाची : म्हणजे मुलं रस्त्यावर बसू द्यायची आणि आपण आयुक्तांना पत्रं लिहीत बसायचं?

मामा : पत्रं लिहीत बसायचं नाही. भांडायचं. काम करून देणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. भांडण लांबतं, म्हणून नको वाटतं.

भाची : तुम्ही उदाहरण मात्र चुकीचं निवडलंत. ज्या बायका आपल्याकडे येतात त्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, आणि ती संस्था भांडणातूनच जन्माला आली. त्याआधी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, १९९३ साली. कुंड्यांमधून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची ती संघटना. बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणातल्या कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या साथीने उभी राहिली. पहिली मागणी काय होती ठाऊक आहे? पैसे नव्हेत, ओळखपत्र. पाठीवर पोतं घेऊन पहाटे फिरणारी बाई म्हणजे चोर, अशी पोलिसांची आणि सोसायट्यांची समजूत होती. महापालिकेनं मान्य केलेलं, फोटो लावलेलं ओळखपत्र हातात आलं तेव्हा त्या पहिल्यांदा या शहराच्या कामगार ठरल्या. पुढे विमा आला. आणि त्यानंतर ‘स्वच्छ’ आली. २००८ साली महापालिकेशी करार झाला.

मामा : तो करार माझ्या विभागातून गेलाय. पाच वर्षांचा होता. मुदत संपली की दर वेळी ओढाताण. कधी मुदतवाढ, कधी ‘ठेकेदारच बरा’ म्हणणारे नगरसेवक. महापालिका त्यांना पगार देत नाही. ढकलगाड्या, हातमोजे, वर्गीकरणाला शेड, व्यवस्थापनाचा खर्च, वस्त्यांसाठी थोडं अनुदान, एवढंच. मजुरी कुठून? तर आपल्या घरोघरच्या शुल्कातून आणि भंगार विकून. म्हणून लेखा विभागाला ही योजना फार आवडायची. मी स्वतः टिपणी लिहिली आहे, ‘महापालिकेवर आर्थिक बोजा अल्प.’ आता सांग, बोजा अल्प का? कारण तो त्या बाईच्या खांद्यावर आहे. कायम झाडूवाल्याला पगार, रजा, निवृत्तिवेतन. हिला पाऊस असो, ताप असो, खाडा केला की घरोघरच्या शिव्या. याला तू सेवाभावी काम म्हणतेस? मी स्वस्त मजुरी म्हणतो.

भाची : हा प्रश्न खरा आहे. तो त्या बायकाही विचारतात. पण तुमची तुलना फसवी आहे. कायम नोकरी समोर ठेवलेली होती आणि त्यांनी ती नाकारली, असं घडलेलं नाही. समोर होता ठेकेदार. ठेकेदाराच्या गाडीवर चार पुरुष, वर यंत्र, आणि भंगारावर हक्क ठेकेदाराचा. म्हणजे आधी ज्या कचऱ्यावर पोट होतं तो कचरा गेला आणि नोकरीही नाही. अशा गाड्यांशी भांडण झाल्यावरच तर पंचायत उभी राहिली. सुका माल विकायचा हक्क आमचा, आणि दारात यायचा मानही आमचा, हे त्यांनी धरून ठेवलं.

मामा : मान? पहिल्या आठवड्यात शुल्क मागायला येतात तेव्हा आपल्या इमारतीतले लोक काय म्हणतात ते ऐकलंयस? ‘सुट्टे नाहीत’, ‘उद्या या’, ‘साहेब झोपलेत’. चार मजले चढून तीनदा हेलपाटे. हा मान आहे?

भाची : नाही. तो आपला निर्लज्जपणा आहे. त्याची शिक्षा शुल्क बंद करून त्यांनाच का? मामा, तुम्ही कधी शेडमध्ये गेलात? मी गेले होते. ढकलगाडीतले डबे रिकामे होतात. मग ताई खाली बसून हाताने वेगळं करतात. दुधाच्या पिशव्या एकीकडे, त्या धुतलेल्या असल्या तर भाव बरा. पुठ्ठा दाबून दुसरीकडे. बाटल्या, डबे, कागद, काच, पत्रा, सगळ्यांची वेगळी पोती, वजन वेगळं, दर वेगळा. आणि मधेच सुक्या कचऱ्यातून निघतो वापरलेला डायपर, उघडा. त्यासाठी त्यांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली : वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायला लागणार नाही. एवढंच मागणं. आपल्या इमारतीत किती घरं ठिपका काढतात?

मामा : आमच्या घरी काढतो. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

भाची : सोसायटीचे खजिनदार तुम्ही आहात.

मामा : बरं, बरं. मुद्द्यावर ये. मला एवढं मान्य आहे की या बायका शहराचं काम करतात आणि त्यांच्यामुळे उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला जाणारा कचरा कमी झाला. त्या गावाने काय भोगलं ते मी पाहिलंय. २०१७ साली डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा इथे पेठांमध्ये कचऱ्याचे ढीग लागले आणि शहराला अचानक कळलं की कचरा ‘जातो’ म्हणजे कुणाच्या तरी दारात जातो. पण माझा प्रश्न राहतोच. संस्थेनं काम करून दाखवायचं की ज्याचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं?

भाची : हमाल पंचायतीनं दोन्ही केलं. १९५५ साली स्थापना. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ना मालक होता, ना हजेरी, ना दर. संघटना झाली, आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. महाराष्ट्रभरातल्या अनेक संघटनांच्या लढ्याचं ते फळ. आपल्या मंडळींचा त्यात वाटा होता. मंडळ, नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी. हे संस्थेने ‘करून दिलं’ नाही, सरकारकडून करून घेतलं. पण त्याच पंचायतीनं १९७४मध्ये ‘कष्टाची भाकर’ काढली. झुणका, भाकरी, भाजी, ना नफा ना तोटा. दुपारी हमालाला परवडेल असं पोटभर जेवण. ते सरकारकडे मागत बसले नाहीत.

मामा : ‘कष्टाची भाकर’ला मी कित्येकदा जेवलोय. आमच्या विभागातली निम्मी माणसं दुपारी तिथे. आणि बघ, तिथे कुणी दान म्हणून जेवत नाही. पैसे मोजून जेवतो. हमाल काय, कारकून काय, ताट सारखं.

भाची : मग?

मामा : मग तिथेच फरक आहे. हमाल पंचायत हमालांची. वर्गणी त्यांची, सभा त्यांची, आणि पुढारी चुकला तर भरसभेत उठून बोलणारा हमालच. तुझी ‘स्वच्छ’ही, तू म्हणतेस तशी, कचरावेचकांच्या मालकीची. माझा राग अशा संस्थांवर नाही. माझा राग आहे तो ज्यांना कुणी नेमलं नाही अशा मंडळींवर. तुला सार्वजनिक सभा माहीत आहे ना?

भाची : १८७० साल. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका.

मामा : सुरुवात कशातून झाली? पर्वती संस्थानच्या कारभारात गोंधळ होता, लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायला संस्था हवी होती. आणि काकांनी नियम काय केला? सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आण. ‘हा आमच्या वतीने बोलेल’ असं ५० माणसांनी लिहून द्यायचं. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० माणसांच्या सह्या. म्हणून त्यांनी दुष्काळाचे अहवाल सरकारपुढे ठेवले तेव्हा सरकारला विचारता आलं नाही की तुम्ही कोण. आता तुमच्या शहरातल्या संस्था घे. सात माणसं जमवायची, १८६०च्या कायद्याखाली नोंदणी, १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास, देणग्यांवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘वस्तीच्या गरजा अशा आहेत’ असं परिषदांमधून सांगायला मोकळे. मुखत्यारपत्र कुणाचं आणलंत?

भाची : चांगला प्रश्न आहे, पण सार्वजनिक सभेलाही विचारा. ती ५० माणसं कोण होती? सरदार, सावकार, वकील, इनामदार, शिकलेले. मंडईतल्या हमालाची सही त्यात किती? जोतीराव फुल्यांचा आक्षेप हाच होता. त्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला तो याच पुण्यात. शिवाय ते नगरपालिकेतही बसले, १८७६ ते १८८२. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेचे पैसे खर्चायचं ठरलं तेव्हा विरोधी मत त्यांच्या एकट्याचं होतं. म्हणजे तुमच्या मुखत्यारपत्राला मी नाही म्हणत नाही. पण ते कुणाच्या सहीचं हे आधी बघावं लागतं.

मामा : मान्य. पण म्हणून सही नकोच, असं तर होत नाही.

भाची : आणि तुम्ही ज्या महापालिकेकडून करून घ्या म्हणता तिचं मुखत्यारपत्र कुठे होतं? २०२२च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं पुण्याला नगरसेवकच नव्हते. मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही. प्रशासक हेच सगळं. त्या काळात आमच्या वस्तीतलं सार्वजनिक स्वच्छतागृह तुंबलं, दिवा गेला, तर कुणाकडे जायचं? आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांच्या आया आमच्याकडे यायच्या. आम्ही नगरसेवक नव्हतो, पण दार उघडं होतं एवढंच.

मामा : ते मी मानतो. ती चार वर्षं शहराला लाज आणणारी होती. पण बघ, त्यातून तू काय शिकतेस? दार उघडं असलेली संस्था नगरसेवकाची जागा घेते. आणि उद्या नगरसेवक आला तरी आया तुमच्याकडेच येत राहिल्या तर? नगरसेवकाला बरंच आहे. प्रभाग समितीचं उदाहरण घे. कायद्यानं तिच्यात संस्थांच्या तीन प्रतिनिधींना जागा दिली. नेमायचं कुणी? नगरसेवकांनी. मग कुणाला नेमतात? निवडणुकीत ज्याला तिकीट नाकारलं त्याला. कागदावर तो संस्थेचा माणूस. संस्थांनी कधी भांडण केलं का की या जागा आमच्या आहेत?

भाची : थोड्यांनी केलं. बहुतेकांनी नाही.

मामा : का नाही? कारण बहुतेकांना महापालिकेकडून जागा हवी असते. शाळेतली एक खोली, समाजमंदिर, बागेतला कोपरा. खोली देणाऱ्याशी कोण भांडतो? तुझ्या अभ्यासिकेला खोली कुणाची?

भाची : महापालिकेच्या शाळेतली. संध्याकाळी सहा ते नऊ.

मामा : बघ.

भाची : पण मामा, लोकांना विचारायची सोय महापालिकेत होती तेव्हा तरी लोकांनी काय मागितलं? २००६पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत पुण्यात सुरू झाली. तुम्ही ते अर्ज हाताळलेत.

मामा : पुष्कळ. बाकडी, पेव्हर ब्लॉक, नामफलक, बागेत जॉगिंग ट्रॅक, पुन्हा बाकडी. अर्ज देणारे कोण? आपल्यासारखे. वस्तीतून अर्ज मोजकेच यायचे, कारण तिथल्या माणसाला दुपारी क्षेत्रीय कार्यालयात यायला रजा पडते. आले ते संस्थेनं भरून आणलेले. आणि हे मला कबूल करायला हवं, त्या अर्जांत काही वेगळं असायचं. शौचालयाला दार. रात्री दिवा. मुलींच्या बाजूला आतून कडी. बाकड्यासाठी कुणी अर्ज केलेला नव्हता.

भाची : मग हेच संस्थेचं काम नाही का? ज्याला क्षेत्रीय कार्यालयापर्यंत येता येत नाही, त्याचा अर्ज नीट लिहिणं.

मामा : आहे. काम तेच आहे. पण पैसा कुणाचा त्यावर काम ठरतं. आता तुझे पैसे कुठून येतात ते सांग.

भाची : अर्धे कंपनीचे, सामाजिक दायित्व निधीतून. उरलेले देणगीदारांचे.

मामा : कंपनी कायदा २०१३, कलम १३५. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. म्हणजे तो जवळजवळ करच आहे. फरक एवढाच की कर कुठे खर्चायचा ते निवडून आलेल्यांनी ठरवायचं, आणि हे दोन टक्के कुठे खर्चायचे ते कंपनीच्या संचालकांनी. वस्तीनं नाही. बरोबर?

भाची : बरोबर. आणि त्याचे हाल आम्ही भोगतो. जानेवारी संपला की फोन येतात : मार्चअखेर खर्च दाखवायचाय, काही नवं आहे का? नवं म्हणजे टॅब, स्मार्ट बोर्ड, दप्तरं, ज्याच्यावर बोधचिन्ह छापता येतं. शिकवणाऱ्या ताईच्या पगाराचं नाव काढलं की ‘तो प्रशासकीय खर्च आहे’. परदेशी देणग्यांचं तर त्याहून कडक. २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा वीस टक्के. आता अभ्यासिकेत ताईखेरीज दुसरं काय आहे? फळा? ताई गेली की अभ्यासिका गेली. ते कुणी मानत नाही. वर एक दिवस कंपनीचे कर्मचारी टी-शर्ट घालून येतात आणि भिंत रंगवतात. गेल्या वर्षी रंगवलेलीच.

मामा : मग हे तू माझ्या बाजूनं बोलतेस.

भाची : अर्धं तुमच्या बाजूनं. पण तुम्ही विसरता एक गोष्ट. तुम्ही पुण्यात शिकलात ते कुणाच्या जिवावर? आजीनं सांगितलंय मला.

मामा : विसरलो नाही. विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहिलो. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी खेड्यातल्या गरीब मुलांसाठी सुरू केलेली ती संस्था. ती नसती तर मी गावात गुरं राखत असतो. पण तिथे आम्हाला कुणी लाडावून ठेवलं नाही. ऐपतीप्रमाणे पैसे भरायचे, आवारातली कामं वाटून घ्यायची, ताट ज्याचं त्यानं घासायचं. आणि नोकरी लागल्यावर दर वर्षी पैसे पाठवायचे, असं कुणी सांगितलं नाही तरी आम्ही पाठवतो. माझा वर्गमित्र तिथल्या समितीवर काम करून आला. वसतिगृहातला मुलगा उद्या वसतिगृह चालवतो. ज्याला मिळालं तो मालक झाला. म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

भाची : म्हणजे तुमचं म्हणणं, ज्याला सेवा मिळते त्याचे पैसे, त्याचे हात आणि त्याचं मत संस्थेत असलं पाहिजे.

मामा : एवढंच. मग ती संस्था कचरा उचलो, शाळा चालवो, गणपती बसवो. गणपती मंडळ घे. आम्ही वर्गणीच्या नावानं बोटं मोडतो. पण ज्या मंडळात वर्गणी गल्लीची असते तिथे हिशेब भिंतीवर लागतो, कारण अकरा दिवस गल्ली समोर उभी असते. ज्या मंडळात वर्गणी एकाच नेत्याच्या फलकावरून येते तिथे हिशेबही त्याच्याच खिशात. आणि पहिल्या प्रकारची मंडळंच बाराही महिने रक्तदान करतात, रुग्णवाहिका चालवतात. हे मी पाहिलंय.

भाची : पण ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याचं काय? व्यसनी माणूस, रस्त्यावरचं मूल, मनोरुग्ण. ते कुठून वर्गणी देणार? मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं तेव्हा पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी आधी पैसे दिले म्हणून ते उभं राहिलं. तिथे तुमच्या तत्त्वावर थांबले असते तर?

मामा : सुरुवात देणगीनं होऊ शकते. पण बघ, मुक्तांगणमध्येही बरा झालेला माणूस पुढे तिथेच कार्यकर्ता होतो. म्हणजे पैसा बाहेरचा असला तरी काम करणारे हात आतले झाले. माझं म्हणणं पैशावर अडत नाही. ज्याच्यासाठी म्हणून चालवता तो बैठकीत बसतो का, हे मी विचारतो. आता तुझी संस्था. कार्यकारिणीत किती माणसं?

भाची : नऊ.

मामा : त्यात वस्तीतलं कोण?

भाची : दोन आया आहेत. ‘विशेष निमंत्रित’.

मामा : म्हणजे मत नाही.

भाची : मत नाही.

मामा : का नाही?

भाची : घटनेत तशी तरतूद नाही. आणि बदल करायचा म्हणजे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. आमचे आधीचेच दोन अर्ज अजून निकालाविना पडलेत. विश्वस्त म्हणतात, नंतर बघू.

मामा : ‘नंतर बघू’ हा शेरा मी आयुष्यभर फायलींवर वाचला. मुखत्यारपत्र नंतर कधीच येत नाही. तुमचे नऊ विश्वस्त प्रामाणिक असतील, मला शंका नाही. पण उद्या कंपनी म्हणाली की अभ्यासिका नको, रोबोटिक्सचा वर्ग चालवा, तर हो म्हणायला नऊ जणांना काही वाटणार नाही. त्या दोन आया मात्र विचारतील की दहावीचं गणित कोण घेणार.

भाची : ठीक. हे मी पुढच्या बैठकीत मांडते. मत असलेली दोन पदं, आणि अभ्यासिकेला महिना काही तरी रक्कम पालकांची. पण मग तुम्हालाही एक सांगते. तुमच्या सभेपुढचा विषय बदला. ‘शुल्क द्यायचं की नाही’ नको. ‘शुल्क देऊ, आणि ताईंना सभेला बोलावू’ असा करा. वर्षातून एकदा. त्या सांगतील कुठल्या घरातून काय येतं, कुणाचं शुल्क थकलंय, शेडला पाणी आहे की नाही. तुम्हाला हिशेब हवा होता ना, तो त्यांच्या तोंडून घ्या.

मामा : आणि महापालिकेला?

भाची : महापालिकेला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र. पावसाळ्यात खाडा झाला तर विमा, आजारपणाची रजा, शेडला छप्पर. तुम्ही म्हणता तो बोजा खांद्यावरून उतरवायचा तर आपण भांडू. त्यांचे पैसे बंद करून तो उतरत नाही.

मामा : सोसायटीत निम्मे लोक म्हणतील, आपल्याला काय करायचंय.

भाची : तेच तर आपल्यालाही विचारायचंय. आपली सोसायटीही नोंदणी झालेली संस्थाच आहे, मामा. तिचं काम फक्त लिफ्ट आणि पाण्याची टाकी एवढंच आहे का?

मामा : ठराव मी लिहीन. पण त्यात एक वाक्य माझं राहील : ‘सफाईपट्टीच्या विनियोगाचा तपशील महापालिकेने द्यावा.’

भाची : असू दे. ते हवंच.

मामा : आणि तुझ्या त्या दोन आयांना मत मिळालं, आणि पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या की मुलांना संध्याकाळी अभ्यासिकेपेक्षा वस्तीत नळाला पाणी हवंय, कारण पाणी भरायला मुलंच जातात, तर?

भाची : तर काही दिवस अभ्यासिका बाजूला ठेवून पाण्यासाठी महापालिकेत जावं लागेल.

मामा : कंपनीला काय सांगशील?

भाची : की वार्षिक अहवालात यंदा नळाचा फोटो येईल.

मामा : जाशील तेव्हा मला बरोबर घे. पाणीपुरवठ्यात कागद कुठल्या टेबलावर अडतो ते मला अजून पाठ आहे.